परसातल्या शेगडीसाठी कोळसा आणि धुराचं लाकूड कसं निवडावं

कोळशाचे दोन तुकडे हातात घ्या आणि एकमेकांवर हलकेच आपटा. काचेच्या बांगड्या वाजाव्यात तसा टणक, स्वच्छ आवाज आला तर तो कोळसा घ्या. मातीची ढेकळं आपटल्यासारखा ‘धप’ आवाज आला तर परत पोत्यात टाका. कोळसा एकतर ओला आहे, नाहीतर अर्धवट भाजलेला. फोंड्याच्या बाजारात एका कोळसेवाल्या काकांनी मला ही खूण शिकवली. त्याआधी दोन वर्षं मी पोतं न उघडताच घरी आणत होते आणि मासे बिघडले की मसाल्याला दोष देत होते.

गोव्यात पाऊस सरला, तुळशीचं लग्न झालं की परसात, खळ्यात शेगड्या लागतात. नव्यानं सुरुवात करणारी मंडळी जाळी कुठली घ्यावी, मॅरिनेशन किती तास ठेवावं हे खूप विचारतात. खाली काय जळतंय हे मात्र कुणी विचारत नाही. पदार्थाची चव निम्मी तिथेच ठरते. म्हणून पहिलीच गोष्ट मनात पक्की करून घ्या: आच कोळशाची, वास लाकडाचा. दोघांची कामं वेगळी, त्यामुळे दोघांची निवडही वेगळी. लाकडाकडून आच मागितली की धुरानं पदार्थ कडू होतो. आणि कोळसा पूर्ण पेटला की त्याला स्वतःचा असा वास फारसा उरत नाही, त्यामुळे त्याच्याकडून वासाची अपेक्षा ठेवू नये.

आधी कोळसा

लाकूड पुरेशी हवा न देता तापवलं की त्यातलं पाणी आणि धूर होणारे पदार्थ उडून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन राहतो. तोच लाकडी कोळसा. पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारण चार-पाच किलो लाकूड लागतं. भट्टी घाईनं उघडली तर तुकड्याच्या पोटात लाकूड तसंच राहतं. असा तुकडा फोडून बघा, आत तपकिरी रंग दिसतो. हा कच्चा कोळसा शेगडीत पडला की अर्धा तास नुसता धुमसतो आणि त्याचा धूर चांगल्या लाकडाच्या धुरासारखा गोड नसतो. पोत्यातले चार-पाच तुकडे तरी फोडून बघायला संकोच करू नका. चांगल्या तुकड्याची फोड काळी, चकचकीत असते आणि लाकडाची वर्तुळं त्यात अजून ओळखू येतात.

आपल्याकडे बाजारात जो लाकडी कोळसा मिळतो तो पुष्कळदा बाभळीच्या जातीचा असतो. कच्छ आणि तमिळनाडूत वेडी बाभूळ माजली आहे, तिच्यापासून फार मोठ्या प्रमाणावर कोळसा बनतो. अमेरिकेत ज्या मेस्किट लाकडाचं एवढं कौतुक होतं, ते हिच्याच कुळातलं. तेव्हा मेस्किटचं महागडं परदेशी पाकीट बघून हळहळायचं कारण नाही. गोव्यातही वन खात्यानं माळरानावर आणि खाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर लावली. तिचा कोळसा कडक आच देतो. समुद्रकाठच्या सुरूचंही तसंच, जळणात त्याचा नंबर फार वरचा आहे. पण किनाऱ्यावरच्या सुरूला हात लावायचा नाही. हवं असेल तर वखारीतून विकत घ्या.

दुसरा प्रकार करवंटीच्या कोळशाचा, आणि आपल्या घरांसाठी मला तोच जास्त आवडतो. करवंटी घट्ट असते, त्यामुळे तिचा कोळसा पेटायला वेळ घेतो. एकदा पेटला की मात्र शांत, एकसारखा जळतो, ठिणग्या कमी उडवतो आणि राखही थोडी करतो. सुट्या तुकड्यांत मिळतो आणि भुकटी दाबून केलेल्या विटांतही. विटा घेताना एक काळजी घ्या. हुक्क्यासाठी म्हणून ज्या गोल वड्या विकतात, काडी लावली की तडतडत पेटतात, त्यांत पेट घेण्यासाठी रसायन मिसळलेलं असतं. त्या खाण्याच्या पदार्थाखाली नकोत. ‘झटपट पेटणारा’ असं ज्याच्या पाकिटावर लिहिलंय तो कुठलाही कोळसा मी घेत नाही.

ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चसारखा चिकट पदार्थ घालून दाबलेली. आकार एकसारखा, त्यामुळे आचही एकसारखी आणि लांब टिकणारी. राख जास्त. चिकनच्या तंगड्या किंवा डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा तास-दोन तास मंद शिजवायचा असेल तर ब्रिकेट सोयीचे. बांगडा, सुंगटं (कोळंबी), चणाक अशा मासळीला मात्र थोडाच वेळ पण जोरदार आच लागते, तिथे सुटा लाकडी कोळसा बरा.

दगडी कोळसा लोहाराच्या भात्यापाशी शोभतो. त्यात गंधक असतं, धूर विषारी. स्वस्त मिळाला तरी अन्नाखाली घालू नका.

विकत घेताना

पोतं उचलून बघा. आकाराच्या मानानं जड लागलं तर त्यात पाणी आहे, वाळू आहे किंवा दगड आहेत. कोळसा वजनावर विकला जातो, त्यामुळे ओल्या कोळशात आपण पाण्याचे पैसे मोजतो. तळाशी हात घालून भुगा किती आहे बघा. थोडा भुगा असणारच, पण पाव पोतं भुगाच असेल तर शेगडीच्या जाळीतली हवा कोंडते आणि आच चढत नाही. तुकडे मुठीएवढे ते अंड्याएवढे असावेत. साल चिकटलेले तुकडे वेगळे काढा, साल धुमसते.

कोळसा कुठे मिळेल असं विचारणाऱ्यांना मी सांगते, तुमच्या गावातला इस्त्रीवाला कुठून आणतो ते विचारा. त्याचं पोट कोळशावर चालतं, त्यामुळे वाईट कोळसा तो दोनदा घेत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या ठिकाणीही चौकशी करून बघा.

आता ओलीचं. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि कोळसा स्पंजासारखा आहे, हवेतली ओल तो शोषून घेतो. ओला कोळसा पेटायला दुप्पट वेळ घेतो आणि आत वाफ कोंडली की तडतडून फुटतो. माझ्या वहिनीच्या साडीवर अशी एक ठिणगी येऊन पडली होती, पदराला करंगळीएवढं भोक. म्हणून आपण जसा मे महिन्यात पुरुमेंत करतो, मिरच्या, चिंच, सुकी मासळी, कोकमं भरून ठेवतो, तसाच कोळशाचाही पुरुमेंत करा. दोन उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. गोणपाटात भिंतीला टेकवून ठेवलेला कोळसा श्रावणापर्यंत निकामी होतो. झालाच दमट, तर ऊन पडेल त्या दिवशी सुपात पसरून ठेवा, पुन्हा चांगला होतो.

किती लागेल? पाच-सहा माणसांना मासे भाजायला दीड किलो पुरतो. चिकनसाठी दोन किलो हाताशी ठेवा. शेगडी मध्येच निवली की घाईनं वर न पेटलेला कोळसा टाकावा लागतो आणि त्याचा पहिला धूर थेट माशाला लागतो. त्यापेक्षा थोडा उरलेला बरा. उरलेले निखारे झाकण लावून कोंडले की विझतात आणि पुढच्या वेळी कामी येतात.

धुराचं लाकूड: परसात काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

लाकडातलं लिग्निन जळताना जे पदार्थ सुटतात, त्यांतून आपल्याला ‘धुराचा वास’ म्हणून जो आवडतो तो येतो. सेल्युलोजमधून किंचित गोडसर, खमंग वास येतो. हे सगळं सावकाश आणि स्वच्छ जळणाऱ्या, सुक्या लाकडातच घडतं. ओल्या लाकडाची सगळी शक्ती आधी पाणी उकळण्यात जाते, त्याला नीट पेट घेता येत नाही, आणि पांढरा दाट धूर निघतो. तो धूर माशावर काजळीसारखा बसतो. जिभेला चुणचुण, घशाशी कडू. माझा एक सात किलोचा चणाक अशाच ओल्या फांद्यांनी वाया गेला होता. पाहुणे चांगले, काही बोलले नाहीत, पण ताटात मासा उरला.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी पेरूपासून सुरुवात करावी. बहुतेक परसांत एखादं पेरूचं झाड असतंच आणि छाटणीच्या फांद्या फुकट मिळतात. लाकूड घट्ट, धूर सौम्य, थोडा गोड. मासा, कोंबडी, पनीर, वांगं, कशालाही चालतो आणि एखादा तुकडा जास्त पडला तरी पदार्थ बिघडत नाही. जांभळाचं लाकूड त्याहून थोडं उग्र, ते मांसाला चांगलं. लिंबाच्या किंवा मोसंबीच्या जाडसर काड्या माशाला छान लागतात, त्यांचा धूर हलका असतो. चिंचेचं लाकूड वजनदार आणि आचेला जबरदस्त, पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी त्याचा कोळसा करत. ते मी वासासाठी नाही, कोळशाच्या जोडीला आच वाढवायला घालते.

ज्यांचं कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्याची बाग आहे त्यांनी दालचिनीच्या वाळलेल्या काड्या जपून ठेवाव्यात. काफ्रेलची, म्हणजे हिरव्या मसाल्यातली कोंबडी शिजत आली की शेवटच्या दहा मिनिटांत दोन काड्या निखाऱ्यावर टाकायच्या, एवढंच. जास्त टाकल्या तर कोंबडीला औषधाचा वास येतो.

नारळाचं सांगते. सोडणं (नारळावरची काथ्याची सालं) आणि चुडतं (वाळक्या झावळ्या) पेटवण्यासाठी उत्तम, पण धुरासाठी जपून. सोडणाचा धूर दाट आणि तिखट असतो, एक छोटा तुकडा पुरतो. करवंटीचा सुका तुकडा निखाऱ्यावर टाकला की आधी जोरात भडकतो, तेव्हा वर पदार्थ नको.

आंबा हे वादाचं झाड. होमाच्या समिधा आंब्याच्या असतात, त्यामुळे त्यात काही वावगं असेल असं कुणाला वाटत नाही. पण आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याचा चीक लागला की काहींच्या ओठांवर फोड येतात, तो याच कुळाचा गुण. पूर्ण वाळलेलं, साल काढलेलं आंब्याचं लाकूड मी कधीमधी वापरते. हिरवी फांदी, पानं, डहाळ्या कधीच नाही. आणि घरात ज्याला आंब्याचा चीक उठतो, तो जेवायला असेल तर अजिबात नाही.

काजूबद्दल तर ठामच सांगते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड आज आपल्या डोंगरांवर इतकं आहे की जळण म्हणून पहिल्यांदा त्याच्याकडेच हात जातो. लाकूड पूर्ण निखारा होईपर्यंत जाळलंत तर आचेला ते चालेल. धुरासाठी नको. आणि काजूच्या बियांची टरफलं शेगडीत कधीच टाकू नका. लहानपणी मे महिन्यात आजी परसात पत्र्यावर बिया भाजायची. टरफलांतलं तेल भक्कन पेटायचं, आणि आम्ही पोरं वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पळायचो. एकदा मी वाकून बघत होते तेव्हा तेलाचा थेंब मनगटावर उडाला. तिथली कातडी आधी काळी पडली, मग सोलली. आजीनं हात ओढून मला मागे नेलं आणि म्हणाली, “या धुरात जेवण करायचं नसतं, बाय.” तेच तेल धुरातही असतं. डोळे, घसा, छाती, सगळं जळतं.

काही झाडं तर शेगडीच्या जवळपासही नकोत. कण्हेर सगळ्यात आधी. कुंपणाला असते, काड्या सरळ असतात, आणि कुणीतरी कबाब ओवायला त्याच काड्या तोडतं. कण्हेर पूर्ण विषारी आहे, जळतानाचा तिचा धूरसुद्धा. काजरा, बिब्बा, शेर, निवडुंग, पांढरा चीक येणारी अनोळखी झुडपं, यांपैकी काही नाही. झाड ओळखता आलं नाही तर लाकूड घेऊ नका, हा नियम कुठल्याही पाहुण्यासाठी मोडू नका.

मेलेल्या लाकडांतही धोके आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेले सुके, पांढरे ओंडके फार मोहात पाडतात, पण त्यात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं आणि ते जळताना विषारी पदार्थ तयार होतात. जुन्या होडीच्या फळ्यांना रंग आणि तेलं लागलेली. प्लायवूडमध्ये गोंद. सामानाच्या खोक्यांचं लाकूड बहुधा पाइनचं असतं, राळेनं काजळी धरतं, आणि त्यावर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्याला कीटकनाशक वायूची धुरी दिलेली आहे. हे सगळं दूर ठेवा.

झाड तोडण्याबद्दलही एक शब्द. गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आपल्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. शेगडीच्या धुरासाठी वर्षभरात एक टोपलीभर लाकूड पुरतं. वादळानं पडलेली, छाटलेली फांदी शेजारपाजारी विचारली तर मिळते.

वाळवायचं कसं

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. ते 15 ते 20 टक्क्यांवर आलं पाहिजे. दिवाळीच्या सुमाराला फांद्या मिळाल्या तर लगेच साल काढा, मनगटाएवढ्या जाडीचे वीतभर तुकडे करा आणि उभे चिरा. अख्खी फांदी वर्षभर ठेवलीत तरी आतून ओलीच राहते. चिरलेले ढलपे विटांवर, हवा खेळेल असे रचा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. मे अखेरपर्यंत वाळतात.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? टोकांना तारेसारख्या चिरा पडतात, दोन ढलपे आपटले की खणखणीत वाजतात. याहून पक्की रीत मला सापडली ती अशी: एका ढलप्यावर खूण करा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन घ्या, भिंतीवर लिहून ठेवा. सलग तीन आठवडे आकडा तोच राहिला की लाकूड तयार.

पाऊस लागण्याआधी ते माळ्यावर, शक्य तर चुलीच्या वर हलवा. बुरशी धरलेलं लाकूड, मग ती पांढरी असो की हिरवी, धुराला वापरू नका.

पेटवणं आणि धूर देणं

रॉकेल नको. त्याचा वास माशाला लागतो आणि सुटत नाही. खाली सुकी सोडणं, त्यावर खोबरेल तेलात बुडवलेला कापसाचा बोळा, वर कोळशाचा ढीग. पत्र्याचा उंच डबा दोन्ही तोंडं कापून, बुडाजवळ भोकं पाडून उभा ठेवला की चिमणीसारखी हवा ओढली जाते आणि विंझणा मारायचं काम वाचतं. डबा जस्ताचा मुलामा दिलेला नसावा, तापला की त्याची वाफ घातक.

वीस-पंचवीस मिनिटांत कोळशावर करडी राख चढते. तोवर वर काही ठेवायचं नाही, कितीही भूक लागली तरी. मग निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा. दुसरी बाजू रिकामी. आता जाळीपासून वीतभर उंचीवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच प्रखर, चार-पाच सेकंद निभावलं तर मध्यम. रेशाद, म्हणजे लाल मिरचीचा मसाला भरलेला बांगडा नेहमी मध्यम आचेवर. प्रखर आचेवर आधी मिरची जळते, आणि ती कडू चव लोक धुराची समजतात.

आता ढलपा. मुठीच्या निम्म्या आकाराचा एकच, निखाऱ्यांच्या कडेला. पाण्यात भिजवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगतात, मला ती पटत नाही. तासाभरात पाणी लाकडात जेमतेम सालीच्या जाडीइतकं मुरतं, आधी नुसती वाफ निघते, आणि एवढे महिने वाळवलं ते कशासाठी? सुरुवातीचा पांढरा धूर जाऊ द्या. दोन-चार मिनिटांत तो पातळ होतो, उजेडात बघितलं तर निळसर दिसतो. तो धूर पाहिजे. तेव्हाच मासा ठेवा, झाकण घाला.

धूर गार आणि ओलसर पृष्ठभागाला लवकर धरतो, म्हणून ढलपा सुरुवातीलाच लावायचा. शेवटी शेवटी घातलेला धूर निव्वळ वाया जातो, दालचिनीसारख्या दरवळणाऱ्या काड्या तेवढ्या वेगळ्या. बांगड्याला एक ढलपा पुष्कळ, कारण तो आठ-दहा मिनिटांत होतो. कोंबडीच्या तंगड्या निखाऱ्यांच्या रिकाम्या बाजूला ठेवा, पाऊण तास लागेल, मध्ये दुसरा ढलपा घाला. हाडाजवळचं तापमान 74 अंश सेल्सिअस झालं की झालं. थर्मामीटर नसेल तर सुरी खुपसा, पाणी लालसर येता कामा नये.

एवढं सगळं पहिल्याच दिवशी नको वाटत असेल तर धुंगारापासून सुरू करा. डाळ, वांग्याचं भरीत किंवा मटण तयार झालं की मधोमध वाटी ठेवा, तिच्यात करवंटीचा एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, एक लवंग, आणि पाच मिनिटं झाकण. चांगला निखारा आणि चांगला धूर म्हणजे काय हे नाकाला एका दिवसात कळतं.

शेगडी नेहमी उघड्यावर. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी बंद पडवीत किंवा खोलीत आणू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणसं झोपेतच जातात. विझलेले दिसणारे निखारेही रात्रभर तो सोडत राहतात.

सकाळी राख थंड झाली आहे का, हात घालण्याआधी पाणी शिंपडून बघा. रसायन नसलेल्या कोळशाची राख चाळून ठेवा. आपली जांभ्याची माती आंबट, राखेनं ती थोडी निवते. माझ्या परसातल्या दोन माडांच्या आळ्यांत मी दर मोसमात ओंजळ-दोन ओंजळ टाकते. पेरूच्या बुंध्याशीही, कारण पुढच्या वर्षीचे ढलपे त्याच्याकडूनच मागायचे आहेत.